वीतभर मातीआड अठरा मीटर

टीव्हीवर गोल्फ बघणाऱ्याला बंकर म्हणजे चेंडू अडकवायचा वाळूचा खड्डा वाटतो. तो तसा असतोही. पण काही बंकर अशा जागी असतात की तिथे बऱ्या खेळाडूचा चेंडू सहसा पडतच नाही. ते खणलेले असतात डोळ्यांसाठी.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. सुईत दोरा ओवताना दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक मेंदूला भरपूर पुरतो. दीडशे मीटरवर तो जवळपास निरुपयोगी होतो. मग मेंदू मधल्या सलग जमिनीवरून अंतर ताडतो. कोर्स (गोल्फचं मैदान) आखणारा नेमकी हीच मोजपट्टी मधून कापतो.

आकडेच घेऊ. मैदान सपाट, डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर. १३० मीटरवर बंकर, त्याचा पलीकडचा काठ फक्त २० सेंटिमीटर उचललेला. काठाला चाटून जाणारी नजरेची रेषा १३० मीटरमध्ये १.४ मीटर उतरते. उरलेले ०.२ मीटर उतरायला तिला आणखी १३० × ०.२ ÷ १.४, म्हणजे सुमारे १८.६ मीटर लागतात. तेवढी जमीन गडप! काठ अर्धा मीटर केला, तर ५९ मीटर. (गुणाकार करून बघा, मला दोनदा करावा लागला.) मागचं ग्रीन, म्हणजे खळगी असलेला बारीक कापलेल्या गवताचा पट्टा, बंकरला चिकटल्यासारखं दिसतं, खेळाडू कमी पल्ल्याचा क्लब (काठी) काढतो आणि चेंडू त्या न दिसलेल्या पट्ट्यात पडतो.

‘चुंबकीय’ टेकडीवर गाडी आपोआप चढते म्हणतात, तिथेही चुंबक वगैरे काही नसतं. खरं क्षितिज झाकलेलं असतं, त्यामुळे उतारच चढ वाटतो.

डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा मूळचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शत्रू जमिनीच्या उंचवट्यांआड कसा लपतो ते त्याने पाहिलं आणि पुढे तीच नजर कोर्स आखायला वापरली. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या कोर्सच्या दहाव्या होलवरचा (खेळाच्या टप्प्यावरचा) त्याचा अवाढव्य बंकर मुळात ग्रीनला लागून होता. १९३७ मध्ये ग्रीन मागे चढावर नेलं, बंकर तिथेच राहिला. आज तो ग्रीनच्या बराच अलीकडे आहे, पण नजर अजून त्याच्यावरच अडकते.

लेझर रेंजफाइंडरने अंतर नेमकं कळतं, हे खरं. पण यंत्र १५५ दाखवत असताना डोळे १४० म्हणत असतील, तर स्विंग मध्येच कचरतो.