चौकटीतली मानस: गोव्यातील हौशी निसर्ग छायाचित्रणाची पार्श्वभूमी

गोव्यात निसर्ग छायाचित्रणाचा छंद खऱ्या अर्थाने पसरला तो डिजिटल एसएलआर कॅमेरे नोकरदार माणसाच्या आवाक्यात आल्यावर, म्हणजे साधारण २००४ पासून पुढे. पोर्तुगीज काळापासून इथे स्टुडिओ होते, घराघरांत पूर्वजांच्या तसबिरी होत्या. कॅमेरा घेऊन रानात शिरणारे मात्र मोजकेच. त्यामागे जसा खर्च होता तसा प्रकाशही.

स्लाइडच्या एका रोलवर ३६ चित्रे, फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, जेमतेम ५० किंवा १००. मोले राष्ट्रीय उद्यानाच्या दाट झाडीत सकाळच्या वेळी साध्या टेलीफोटोने त्या फिल्मवर पाव सेकंदाचे एक्स्पोजर द्यावे लागे. पाव सेकंद न हलणारा पक्षी कुठून आणायचा? म्हणून त्या काळातल्या संग्रहांत अळंबी, वारुळे, धबधबे, खोडावर फुललेली सीतेची वेणी आणि उघड्या शेतातले बगळे यांचीच गर्दी दिसते. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने, म्हणजे जरासे, चुकले तरी स्लाइड वाया जाई, आणि ते कळायचे रोल धुऊन आल्यावर. या शिस्तीत तयार झालेले डोळे वेगळे होते, हे मान्यच करायला हवे. पण छंद वाढवणारी ही परिस्थिती नव्हती.

डिजिटलने रोलचा खर्च संपवला, फिल्मचा वेग खटक्यावर आणला. पुढे २०१५ च्या सुमारास ८३ पट झूमची लेन्स अंगचीच असलेले एकसंध कॅमेरे आले आणि खांद्यावर तीन-चार किलोची लेन्स वागवण्याचीही गरज उरली नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरून १.७८ चौरस किलोमीटरच्या सलीम अली अभयारण्यात तासभर घालवून कामावर जाणारे लोक याच काळात दिसू लागले. अभयारण्य १९८८ चे. त्याच्या वाटेवर कॅमेऱ्यांची वर्दळ पुष्कळ उशिरा आली.

हौशी माणसाला स्पर्धा आणि प्रदर्शने हीच शाळा असते, आणि तिथला एक नियम गोव्याला सुरुवातीपासून अडचणीचा ठरला. निसर्ग विभागातल्या चित्रात माणसाच्या हाताची खूण नको, असा तो दंडक. छायाचित्रणातल्या तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ मध्ये निसर्ग छायाचित्राची एकच सामाईक व्याख्या ठरवली आणि ती २०१५ पासून लागू झाली. जाणकाराला विषय ओळखता आला पाहिजे आणि मांडणी प्रामाणिक असल्याची ग्वाही देता आली पाहिजे, हा तिचा गाभा. तो उत्तम आहे. चित्रात काही घुसडायचे नाही, काही पुसायचे नाही, याबद्दलही वाद नाही. पाळीव प्राणी आणि लागवडीची झाडे विषय म्हणून वर्ज्य. मानवी वस्तू चौकटीत चालतात, पण त्या निसर्गकथेचा अविभाज्य भाग असतील तरच. आणि याची उदाहरणे म्हणून दिलेले पक्षी म्हणजे माणसाच्या वस्तीत रुळलेले गव्हाणी घुबड आणि करकोचा.

गोव्याचा प्रश्न इथेच सुरू होतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर मानस असते. भरतीचे पाणी अडवायला आणि ओहोटीला शेतातले पाणी सोडायला बांधात बसवलेली लाकडी दारांची रचना. दारांतून पाण्याची धार सुटली की तिच्याबरोबर मासळी येते, आणि काळ्या टोपीचा खंड्या नेमका त्याच वेळी चौकटीच्या आडव्या फळीवर येऊन बसतो. शेवाळलेली फळी, खालचा फेस, लाल चोच. खाजनातल्या खंड्याचे याहून खरे चित्र कुठले? तरीही परीक्षकाला मानस ठाऊक नसेल तर त्याला दिसते फक्त सुतारकाम, आणि चित्र बाद होते. मग हौशी मंडळी काय करतात, तर खंड्या कांदळवनाच्या फांदीवर येईपर्यंत थांबतात, किंवा फळी चौकटीबाहेर जाईल इतके जवळून चित्र कापतात. पक्षी राहतो, पण तो जिथे जगतो ती जागा जाते. कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, माडगरुडाची (धनेशाची), तारेवरच्या वेड्या राघूची गतही तीच.

नियमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एकदा सूट दिली की प्राणिसंग्रहालयाचे गजही ‘परिसर’ म्हणून येतील. ही भीती पोकळ नाही. पण गोव्यातली पाणपक्ष्यांची नावाजलेली ठिकाणे पाहिली तर ती बहुतेक माणसाच्या हातचीच आहेत. करमळीचे तळे शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले. अडई, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिथे नंतर वसल्या. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्यात पाणी साठवून खालच्या शेतांत भात पिकवतात. याच तळ्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, गोव्यातले पहिले. पाणथळ जागांच्या जागतिक करारात जे बसते ते प्रदर्शनाच्या निसर्ग विभागात का बसू नये, हा प्रश्न अजून कोणी नीट सोडवलेला नाही.

दरम्यान छायाचित्राचे काम बदलत गेले. २००९ मध्ये सत्तरीतल्या केरी भागात मारलेल्या वाघाचे मोबाईलवरचे छायाचित्र बाहेर आले. कोणत्याही स्पर्धेत ते पहिल्या फेरीतच गळले असते. पण त्याच भागातल्या म्हादईच्या रानात वाघ नाहीत, असले तर शेजारून आलेले, असे सांगणाऱ्यांना त्या एका चित्रामुळे उत्तर द्यावे लागले. २०२० मध्ये म्हादईच्याच रानातल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले, तेव्हा वाघ आहेत का हा मुद्दाच उरला नव्हता.

त्याच वर्षी मोलेतून जाणारे तीन प्रकल्प गाजले: रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांपर्यंत मोले पोचले ते फोनवरून, बेडूक, साप, फुलपाखरे आणि गव्यांच्या चित्रांतून. वर्षानुवर्षे हार्डडिस्कमध्ये पडून असलेली हौशी मंडळींची चित्रे अशी कामी आली. मात्र सांगोडला वीज उपकेंद्रासाठी झाडे पडली, तेव्हा हवे होते बुंधे आणि यंत्रे चौकटीत असलेले चित्र, म्हणजे नियमाने जे निसर्गाचे नव्हेच. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

कायद्याने मात्र चौकटीबाहेरच्या हाताची दखल घेतली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद होती, पण ते कसे करावे याबद्दल तिथे शब्द नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना अपाय न करता, ही अट त्यात घातली. पावसाळी रात्री मलबारी चापडा शोधत फिरणाऱ्यांना ही अट थेट लागू होते. हा साप एकाच फांदीवर दिवसचे दिवस भक्ष्याची वाट पाहत बसतो. पार्श्वभूमी स्वच्छ यावी म्हणून काठीने उचलून त्याला दुसऱ्या फांदीवर ठेवले, तर प्रदर्शनात चित्र निर्दोष दिसेल, कारण त्यात माणसाची कुठलीच खूण नसेल. अभयारण्याच्या हद्दीत ते आता परवान्याच्या अटीचे उल्लंघन आहे.