प्लेआउट, स्वयंचलित : थेट प्रसंगांचे वेळनियोजन

दूरचित्रवाणी वाहिनीवरील कार्यक्रम, जाहिराती व प्रोमो ठरल्या क्रमाने, ठरल्या क्षणी संगणकाकरवी प्रक्षेपित करण्याची पद्धत म्हणजे स्वयंचलित प्लेआउट. ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमाची लांबी फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र; भारतात सेकंदाला २५) आधीच ठाऊक असते. सामना, सभा, मिरवणूक वा धार्मिक विधी यांची ती ठाऊक नसते. प्रस्तुत नोंद त्यांपुरती आहे.

या स्वयंचलनाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने दाखवलेला व्हिडिओ टेप रेकॉर्डर हेच मूळ. परंतु त्याने कार्यक्रम साठवण्याची सोय झाली, क्रम लावण्याची नव्हे. दुसरा पक्ष १९७० च्या दशकारंभीच्या कार्ट यंत्रांना (टेपच्या कॅसेटी आपोआप बदलून लावणाऱ्या) मान देतो. आरसीए कंपनीच्या टीसीआर–१०० मध्ये २२ कॅसेटी बसत आणि छोट्या जाहिराती एकामागून एक आपोआप लागत. तिसरे मत १९९० च्या दशकातील हार्ड डिस्क सर्व्हरपासून गणना करते. वेळनियोजनाच्या दृष्टीने मात्र १९७० च्या सुमारास प्रमाणित होत गेलेला टाइमकोड अधिक निर्णायक वाटतो. प्रत्येक फ्रेमला पत्ता मिळाल्यावरच यंत्राला घड्याळाशी अचूक बांधता आले, आणि थेट प्रसंगाची अडचणही तिथूनच तीव्र झाली.

प्लेलिस्टमधील बाब दोन प्रकारे सुरू होते: ‘फॉलो’ म्हणजे आधीची संपताच, अथवा ‘हार्ड स्टार्ट’ म्हणजे घड्याळात ठरलेली वेळ होताच. थेट बाबीला अंदाजे लांबी दिलेली असते. तिच्यामागे हार्ड स्टार्ट असेल, तर यंत्र प्रसंग अर्धवट सोडून पुढे जाते. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेत एनबीसी या वाहिनीने जेट्स–रेडर्स हा फुटबॉल सामना ६५ सेकंद उरले असताना तोडून सात वाजताचा ‘हायडी’ हा चित्रपट लावला. तेव्हा ३२–२९ असे मागे असलेले रेडर्स ४३–३२ ने जिंकले. सामना चालू ठेवावा असे वरिष्ठांचे ठरले होते. पण प्रेक्षकांच्या फोनांनी स्विचबोर्ड तुंबला आणि निरोप नियंत्रणकक्षात पोचलाच नाही. दोष यंत्राचा नव्हता. आजही अशा बाबीचा शेवट ‘होल्ड’ वर (थांबवून) ठेवतात व पुढची बाब लावणारे ‘टेक’ चे बटण माणसाच्या हाती देतात, ते याचसाठी.

सोलापुरातील सिद्धेश्वर यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा, अक्षता सोहळा (प्रतीकात्मक विवाहविधी) हे याचे चांगले उदाहरण. मकरसंक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून निघतात. बाराबंदी घातलेले भक्त त्या उंच काठ्या पेलत, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ च्या गजरात मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्याकडे येतात. गर्दी वाट देईल तशी मिरवणूक सरकते. पत्रिकेतील वेळ हा केवळ अंदाज. कट्ट्यावर सम्मती वाचन होते आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ म्हणताच अक्षता पडतात. नियंत्रणकक्षाचा खरा क्यू (इशारा) म्हणजे हे शब्द, घड्याळाचा काटा नव्हे. त्या क्षणी साबणाची जाहिरात लागली, तर सोलापूरकर ती वर्षभर विसरत नाहीत.

येथे एक तांत्रिक खाच आहे. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन पुन्हा जमिनीवर येण्यास संकेताला सुमारे पाव सेकंद लागतो. मोबाइलची अनेक सिम कार्डे एकत्र जोडून चित्र पाठवणाऱ्या बॅकपॅक यंत्रात विलंब सेकंदांत मोजावा लागतो. कट्ट्याजवळचा सहकारी फोनवर ‘झालं!’ म्हणतो, तेव्हा कक्षातल्या पडद्यावर अक्षता अजून मुठीतच असतात. म्हणून बटण फोन ऐकून नव्हे, आलेले चित्र पाहून दाबायचे असते. पुढील वितरकांना जाहिरातीची जागा कळवणारा एससीटीई–३५ संकेतही सामान्यतः किमान चार सेकंद आधी द्यावा लागतो. ‘आत्ता’ ब्रेक घेणे त्यामुळे सहसा शक्य नसते.

लांबलेला वेळ भरून काढण्यासाठी आधी फिलर (रिकामा वेळ भरणारे छोटे तुकडे) व प्रोमो गाळतात, मग पुढील हार्ड स्टार्ट सरकवतात. राहिलेल्या जाहिराती एकाच तासात कोंबता येत नाहीत. केबल नियमांनुसार (१९९४) तासाला १० मिनिटे जाहिराती व २ मिनिटे स्वतःची प्रसिद्धी एवढीच मुभा आहे. प्रत्यक्ष काय व केव्हा गेले याची नोंद ‘ॲज–रन लॉग’ मध्ये आपोआप होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिक (जाहिरातींच्या वेळा लावणारा) विभाग ती मूळ यादीशी ताडून बुडालेल्या जाहिरातींना नव्या वेळा देतो.