जंतू सापडला, पण तोच का?

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत रक्ताचे जुलाब झालेले रुग्ण येऊ लागले आणि काही दिवसांतच त्यांतल्या बऱ्याच जणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. डॉक्टरांना हा आजार अपरिचित नव्हता. ई. कोलाय जिवाणूचे काही वाण आतड्यात शिगा नावाचं विष सोडतात, ते रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचतं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांची नासाडी करतं. पण एरवी हे लहान मुलांमध्ये दिसतं. इथे रुग्ण बहुतेक प्रौढ होते आणि त्यांतही बायका जास्त. साथ ओसरेपर्यंत ३८०० हून अधिक लोक आजारी पडले. ८०० हून अधिक जणांना मूत्रपिंडाचा विकार जडला, ५० हून अधिक दगावले.

मे महिना संपता संपता हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांवर बोट ठेवलं. काकड्यांवर शिगा विष बनवणारा ई. कोलाय खरोखरच सापडला होता. मग काय, लोकांनी काकडीला हात लावायचं सोडलं आणि स्पेनच्या शेतकऱ्यांना ट्रकच्या ट्रक भरून माल फेकून द्यावा लागला. पुढे बारकाईने तपासल्यावर कळलं की काकडीवरचा जिवाणू निराळ्याच वाणाचा आहे. रुग्णांच्या शौचात सापडत होता तो हा नव्हेच.

माणूस, जनावर, अन्न आणि सांडपाणी या चारही ठिकाणच्या रोगजंतूंवर जे संशोधन चालतं, त्यातली खरी अडचण ही आहे. जंतू सापडणं अवघड नसतं. जिथे जंतू नाहीत अशी जागाच मुळात दुर्मीळ. अवघड असतं ते इथला जंतू आणि तिथला जंतू एकच आहे की नाही हे सांगणं. जातीवरून हे ठरत नाही. ई. कोलाय तुमच्या आतड्यात आत्ताही आहे आणि बहुधा निरुपद्रवी आहे.

याच जातीचा ओ१५७:एच७ हा वाण १९८२ मध्ये पहिल्यांदा रोगजंतू म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत ओरेगन आणि मिशिगन या दोन राज्यांत हॅम्बुर्गर खाणाऱ्यांना रक्ताचे जुलाब झाले. तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपल्याकडचे जुने नमुने चाळले, तेव्हा हजारोंच्या साठ्यात हा वाण फक्त एकदा, १९७५ च्या एका रुग्णात, सापडला. तो गायीगुरांकडून येतो हे नंतर उलगडलं, आणि उलगडायला वेळ लागला याचं कारणही मजेशीर आहे: गायीला त्याने काहीच होत नाही. शिगा विषाला पेशीत शिरायला पृष्ठभागावर एक विशिष्ट मेदरेणू लागतो. माणसाच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांवर तो भरपूर असतो, गायीच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर नसतो. गाय ठणठणीत, दूध देते, वजन भरते, आणि शेणातून जंतू टाकत राहते. पशुवैद्याने तिच्याकडे बघावं असं काही कारणच नाही. आजारी जनावरं तपासून हा स्रोत कधीच सापडला नसता.

खिम्याचीही यात मोठी भूमिका आहे. कापताना शेणाचा अंश लागला तरी अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू फक्त वरच्या थरात राहतात आणि भाजताना मरतात. खिमा केला की वरचा थर आत जातो. शिवाय एकाच ढिगात अनेक जनावरांचं मांस मिसळलेलं असतं. म्हणून खिम्याची टिक्की मधोमध लालसर राहिली तर धोका असतो, तसाच भाजलेला अखंड तुकडा त्या मानाने सुरक्षित ठरतो. १९९३ मध्ये अमेरिकेत कच्चट राहिलेल्या अशाच हॅम्बुर्गरमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर, १९९६ मध्ये, 'पल्सनेट' हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. कुठल्याही राज्यातल्या रुग्णाचा जंतू घ्यायचा, त्याचा डीएनए ठरावीक विकराने कापायचा, तुकडे जेलमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळे करायचे आणि उमटलेल्या पट्ट्यांचा नमुना सगळ्यांनी एकाच ठिकाणी जमा करायचा. शेकडो मैलांवरच्या दोन रुग्णांचे पट्टे जुळले की दोघांच्या ताटात काय समान होतं ते शोधायला लागायचं. आता पट्ट्यांची जागा संपूर्ण जिनोमने, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचण्याने, घेतली आहे. ई. कोलायच्या जिनोममध्ये साधारण ५० लाख अक्षरं असतात. दोन जंतूंमध्ये त्यांतली जेमतेम पाच-सात वेगळी निघाली तर दोघांचा पूर्वज अगदी अलीकडचा, हजारांनी वेगळी निघाली तर त्यांचा या साथीपुरता काही संबंध नाही.

ओ१५७ ओळखायची जुनी युक्ती मात्र जिनोमहून कितीतरी स्वस्त आहे. बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल ही शर्करा वापरतात, ओ१५७ ती सहसा वापरत नाही. सॉर्बिटॉल आणि रंगद्रव्य घातलेल्या प्लेटवर बाकीच्यांच्या वसाहती गुलाबी होतात, याच्या बिनरंगी राहतात. जगभरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं ही बिनरंगी वसाहत शोधत आल्या. आणि २०११ चा जर्मन वाण, ओ१०४:एच४, सॉर्बिटॉल वापरणारा निघाला! त्या प्लेटवर तो चारचौघांसारखा गुलाबीच दिसायचा. आपण ज्याला शोधतो त्याच्यासाठीच चाचणी बनवतो, हा या क्षेत्राचा जुना दोष आहे, आणि तो यंत्रं बदलल्याने जात नाही.

या वाणाचा जिनोम काही दिवसांत वाचून झाला आणि सगळ्यांसाठी खुला केला गेला. त्यातून विचित्र गोष्ट समोर आली. हा मुळात आतड्याच्या आवरणाला थव्याने चिकटणारा, जुलाब घडवणारा एक माणसांमधला जंतू होता. त्यात शिगा विषाचं जनुक नंतर येऊन बसलं होतं, तेही एका विषाणूच्या पाठीवर बसून. जिवाणूंना ग्रासणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. काही फाज जिवाणूला मारण्याऐवजी त्याच्या डीएनएत निवांत बसून राहतात, आणि शिगा विषाचं जनुक असल्या फाजमध्येच असतं. या रुग्णांना प्रतिजैविकं द्यायला डॉक्टर कचरतात त्यामागेही हेच आहे. काही प्रतिजैविकांमुळे जिवाणूच्या डीएनएला इजा होते, झोपलेला फाज जागा होतो, भराभर प्रती काढतो, आणि जिवाणू फुटताना विषाचा लोट बाहेर पडतो.

पण इतका सुरेख जिनोम हाती असूनही साथीचं मूळ त्याने सांगितलं नाही. ते सापडलं स्वयंपाकघरातल्या चौकशीतून, आणि या गोष्टीचं श्रेय मात्र कमी दिलं जातं असं मला वाटतं. सुरुवातीला रुग्णांना काय काय खाल्लं असं विचारलं तेव्हा मोड आलेल्या बियांचा उल्लेख साधारण चौथ्या भागाने केला. सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कोणाला आठवणार? मग तपास करणाऱ्यांनी पद्धत बदलली. एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या गटांनी कोणते पदार्थ मागवले ते बिलांवरून आणि जेवतानाच्या फोटोंवरून काढलं, आणि प्रत्येक पदार्थात काय पडतं ते खाणाऱ्याला न विचारता आचाऱ्याला विचारलं. ज्यांच्या पानात मोड वाढले गेले होते, ते आजारी पडण्याची शक्यता इतरांच्या १४ पट निघाली, आणि आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या पानात ते होते. माग लोअर सॅक्सनीतल्या मोड पिकवणाऱ्या एका शेतापर्यंत गेला. जूनमध्ये फ्रान्सच्या बोर्दो भागात तोच वाण, आणि पुन्हा मोडच. दोन्हीकडे समान निघाली ती इजिप्तहून आयात झालेली मेथी. कोमट, दमट जागेत बियांना मोड यायला जे हवं असतं तेच जिवाणूंनाही हवं असतं, त्यामुळे बीवर मूठभर जरी असले तरी तीन-चार दिवसांत त्यांची संख्या अफाट वाढते. त्या मेथीदाण्यांवर हा जंतू प्रयोगशाळेत शेवटपर्यंत सापडला नाही. काकडीवर सापडला आणि काकडी निर्दोष होती. मेथीवर सापडला नाही आणि दोष मेथीचा होता.

इथवर प्रश्न 'तोच जंतू का' एवढाच आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा पडतो. तिथे जंतू जागचे हलले नाहीत तरी जनुकं हलतात. डेन्मार्कचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. तिथे डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी अ‍ॅव्होपार्सिन हे प्रतिजैविक मिसळत. माणसांसाठी राखून ठेवलेल्या व्हँकोमायसिनचा तो रासायनिक भाऊबंद. १९९४ मध्ये साऱ्या डेन्मार्कमध्ये रुग्णांना मिळून २४ किलो व्हँकोमायसिन दिलं गेलं आणि जनावरांच्या खाद्यात २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन गेलं. १९९५ मध्ये त्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी जनावरं, अन्न आणि माणसं यांच्यातल्या जंतूंची प्रतिरोधकता एकत्र मोजणारा 'डॅनमॅप' हा कार्यक्रम सुरू झाला. कोंबड्यांमधले व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकाय हे आतड्यातले जिवाणू झपाट्याने घटले. डुकरांमधले घटेनात. संशोधकांनी शोध घेतला तर व्हँकोमायसिन-प्रतिरोधाचं जनुक आणि मॅक्रोलाइड प्रकारच्या औषधांना रोखणारं जनुक एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या सुट्या कड्यावर, शेजारी शेजारी बसलेले. डुकरांना टायलोसिन हे मॅक्रोलाइड मिळतच होतं, त्यामुळे दुसऱ्या जनुकाच्या आधाराने पहिलंही तगून राहिलं. १९९८ च्या सुमारास टायलोसिनचाही तसला वापर थांबला तेव्हा कुठे डुकरांमधलं प्रमाण उतरलं. फक्त रुग्णालयातले आकडे बघणाऱ्याला हे कोडं पडलंही नसतं.

चीनमध्ये २०१५ मध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडलं ते याच पद्धतीने. कोलिस्टिन हे बाकी सगळे उपाय थकल्यावर वापरायचं औषध. त्याला न जुमानणारा ई. कोलाय आधी एका डुकरात आढळला. मग कत्तलखाने, बाजार आणि रुग्णालयं तिन्हीकडचे नमुने तपासले: डुकरांमधल्या ८०४ ई. कोलायपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसावरच्या ५२३ पैकी ७८ मध्ये आणि रुग्णांकडच्या १३२२ जिवाणूंपैकी १६ मध्ये हे जनुक निघालं. डुकरांतून मांसाकडे, मांसातून माणसाकडे असा उतार या आकड्यांत दिसतो. उतार दिसला म्हणजे दिशा सिद्ध झाली असं नव्हे, पण चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर बंदी घातल्यानंतर हे प्रमाण डुकरांत आणि माणसांतही घटलं, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

सांडपाणी या सगळ्यात उशिरा प्रतिष्ठेला आलं. खरं तर युक्ती जुनी आहे. पॅराटायफॉइडचे जंतू अंगात बाळगणारे पण स्वतः निरोगी असलेले लोक शोधण्यासाठी ब्रेंडन मूर या इंग्लंडमधल्या संशोधकाने गटारांत गॉजचे बोळे टांगून ठेवले. त्याचं हे काम १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या बोळ्यात जंतू मिळेल त्याच्या वरच्या अंगाला प्रत्येक फाट्यात नवा बोळा टाकायचा, असं करत करत थेट घरापर्यंत पोचायचं. पोलिओच्या बाबतीत हे तंत्र फारच उपयोगी पडतं, कारण विषाणूची लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांना पक्षाघात होतो. रुग्ण दिसेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. २०१३ मध्ये दक्षिण इस्रायलच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू मिळत राहिला, पण लुळं पडलेलं एकही मूल नव्हतं. तिथे मुलांना टोचण्याची लस मिळत होती. ती पक्षाघात टाळते, पण आतड्यात विषाणूची वाढ तितकीशी अडवत नाही. हा विषाणू आदल्या डिसेंबरात कैरोच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूशी जुळला. दोन शहरांच्या गटारांनी एकमेकांशी नातं सांगितलं, मध्ये एकही रुग्ण नव्हता. इस्रायलने दहा वर्षांखालच्या मुलांना तोंडावाटे द्यायची लस दिली.

कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, नेदरलँड्सच्या अ‍ॅमर्सफोर्ट शहराच्या सांडपाण्यात विषाणूचा आरएनए तिथले पहिले रुग्ण नोंदले जाण्याच्या काही दिवस आधी मिळाला. त्यानंतर जगभर नळकांडी आणि पंप गटारांत उतरले. पावसाने पाणी पातळ होतं, कारखान्यांची रसायनं चाचणी बिघडवतात, आणि आरएनएचा तुकडा सापडला म्हणून जिवंत विषाणू आहे असं होत नाही. या अडचणी आहेतच. पण मोठ्या शहराच्या प्रक्रिया केंद्रात घेतलेला नमुना लाखो लोकांचा असतो, त्यात कोणी एकटा ओळखू येत नाही, म्हणूनच तो कोणाची परवानगी न घेता काढता येतो. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाने एकेका वसतिगृहाचं सांडपाणी वेगळं तपासलं. एका इमारतीचा नमुना पॉझिटिव्ह आला, तिथल्या सगळ्यांची चाचणी झाली आणि लक्षणं नसलेले दोघे विद्यार्थी सापडले. त्या इमारतीतली संभाव्य साथ वेळीच टळली. मूरच्या गॉजच्या बोळ्यांनीही हेच केलं होतं, आणि गटारात जितकं वर सरकावं तितका नमुना शहराचा कमी आणि कुणा एकाचा जास्त होत जातो. किती वर जायचं याचे नियम बहुतेक देशांत अजून पक्के झालेले नाहीत.