हक्कांचे अधिष्ठान

व्यक्तीला हक्क असतात ते कशाच्या बळावर, हा नीतिमीमांसेतील व राजकीय तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न. ईश्वर हे त्याचे एक उत्तर. कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेले वस्तुनिष्ठ नैतिक सत्य हे दुसरे. ही दोन्ही एकच असल्याचे पुष्कळदा गृहीत धरले जाते. इतिहास पाहता ती वेगळी ठेवणेच योग्य.

‘हक्क’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ सत्य, तसाच न्याय्य वाटा. ‘अल्-हक्क’ हे ईश्वराचेही एक नाव आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र तो मुख्यतः वतनदाराच्या उत्पन्नातील वाट्यासाठी येतो. ‘अधिकार’ हा पूर्वमीमांसेतील, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातील, पारिभाषिक शब्द असून कर्माच्या फलाचे स्वामित्व असा त्याचा आशय आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले. त्यांचा कर्ता ईश्वरही नव्हे. तरीही या दर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला आहे. सर्वांना अधिकार असावा हे बादरी या आचार्याचे मत तेथे नोंदवले आहे, पण सिद्धान्त म्हणून स्वीकारलेले नाही. मानवनिरपेक्ष सत्य मानले म्हणजे समान हक्क आपोआप सिद्ध होत नाहीत, हे यावरून दिसते.

यूरोपात व्यक्तिगत हक्काची कल्पना केव्हा उगवली, याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. मिशेल व्हिले यांनी तिचे जनकत्व चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन पंथीय तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ओकमकडे दिले. निर्धनतेचे व्रत घेतलेले फ्रान्सिस्कन साधू मालकीशिवाय वस्तूंचा केवळ उपयोग करतात, हा त्या पंथाचा दावा पोप बाविसावा जॉन याने 1322 मध्ये अमान्य केला. उपभोगाने संपणाऱ्या वस्तूंत उपयोग व मालकी वेगळी करता येत नाही, असा पोपचा युक्तिवाद होता. त्याच्या प्रतिवादात ओकमने सुमारे 1332 मध्ये हक्काची व्याख्या ‘वैध सामर्थ्य’ अशी केली. ब्रायन टिअर्नी यांनी मात्र ही भाषा बाराव्या शतकातील धर्मविधिज्ञांत (चर्चच्या कायद्याच्या पंडितांत), ग्रेशनच्या त्या कायद्याच्या संग्रहावरील (सु. 1140) टीकांत दाखवून दिली आहे. रिचर्ड टक यांचा भर पंधराव्या शतकारंभीच्या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ झां जेर्सोंवर आहे. पुराव्याचा कल टिअर्नींकडे अधिक दिसतो. हा वाद केवळ कालगणनेचा नाही. व्हिले बरोबर असतील, तर हक्कांचे मूळ ईश्वराच्या निरंकुश इच्छेवर भर देणाऱ्या ओकमच्या विचारात सापडते. टिअर्नी बरोबर असतील, तर श्रद्धेच्या चौकटीतच, पण मानवी विवेक व निवडीच्या विश्लेषणात.

ईश्वर नाही असे (घोर पापाशिवाय मानता न येणारे) मानले तरी निसर्गविधीचे (माणसाने न केलेल्या, निसर्गसिद्ध नैतिक नियमांचे) आपले प्रतिपादन काही अंशी टिकेल, असे डच विधिज्ञ ग्रोशिअसने 1625 मध्ये लिहिले. तो स्वतः श्रद्धाळू होता, आणि हा विचार त्याच्याआधीच्या स्कोलॅस्टिक (ख्रिस्ती विद्यापीठीय परंपरेतील) पंडितांतही आढळतो. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकची भूमिका याहून कडक: माणूस ईश्वराची निर्मिती, म्हणून त्याची मालमत्ता, कोणी कोणाचा, वा स्वतःचाही, जीव घेऊ नये. निरीश्वरवाद्यांना शपथेचे बंधन नसते, म्हणून त्यांना सहिष्णुतेची सवलत देऊ नये, असेही त्याने म्हटले. ईश्वरावर उभारलेला हक्क ईश्वर न मानणाऱ्यालाच वगळतो, ही या मांडणीतील खरी अडचण होय. जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (1891) निर्मिकाने (फुल्यांचा ईश्वरासाठीचा शब्द) सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क दिले आहेत, विषमता सांगणारे ग्रंथ मात्र ईश्वरप्रणीत मानलेले नाहीत. येथे निर्मिक आणि सत्य एकत्र येतात, ते धर्मग्रंथाला बाजूला सारून.

दोन्ही आधार नाकारणाऱ्यांत इंग्रज उपयोगितावादी बेंथम प्रमुख. त्याच्या मते हक्क हे कायद्याचे अपत्य; नैसर्गिक हक्क ही निरर्थक बडबड. पण मग ज्या कायद्याने गुलामगिरी मान्य केली, त्याच्याखालील गुलामाचा कोणता हक्क हिरावला गेला, हे सांगता येत नाही. उपयोगितेच्या, म्हणजे अधिकांच्या सुखाच्या, आधारे अशा कायद्याचा निषेध करता येतो, परंतु तो हक्कभंगाचा निषेध नव्हे.

10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांत संमत झालेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या (48 मते अनुकूल, 8 तटस्थ, विरोधी एकही नाही) चर्चेत, माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला असे नमूद करावे, ही सूचना ब्राझीलने मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. मसुद्यातील ‘निसर्गतः’ हा शब्दही गाळण्यात आला. पहिल्या कलमात माणसांना विवेक व सदसद्विवेकबुद्धी लाभलेली आहे एवढेच म्हटले असून देणाऱ्याचे नाव नाही.