चार सामने विजयाविना: कॉलेज फुटबॉल संघाचा फॉर्म कसा मोजावा?

अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपता संपता कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या चाहत्यांत एकच चर्चा ऐकू येऊ लागते. गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत चमकलेला आपला संघ यंदा चार सामन्यांत एकदाही जिंकलेला नाही, आघाडीच्या फळीला गोल सापडत नाही, प्रशिक्षकांचे डावपेच प्रतिस्पर्ध्यांना पाठ झाले आहेत, आणि पुढचे वेळापत्रक तर याहून अवघड आहे. (येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात तो खेळ.) या चर्चेमागची तळमळ खरी असते आणि तिची थट्टा करण्याचे काही कारण नाही. मात्र चार सामन्यांवरून संघाच्या कुवतीविषयी किती सांगता येते, वेळापत्रकाचे ओझे खेळाडूंच्या शरीरावर किती पडते आणि ते निकालांत कसे उतरते, या प्रश्नांचा विचार संख्याशास्त्राने आणि शरीरक्रियाविज्ञानाने बऱ्याच खोलवर केलेला आहे, आणि त्यातून मिळणारी उत्तरे चाहत्यांच्या पहिल्या अंदाजापेक्षा पुष्कळ वेगळी आहेत.

सगळ्याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे, ती म्हणजे फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. कसोटी क्रिकेटच्या एका सामन्यात हजाराच्या आसपास धावा होतात, त्यामुळे वरचढ संघाचे वरचढपण धावफलकावर उमटण्यास भरपूर वाव मिळतो. फुटबॉलच्या नव्वद मिनिटांत मात्र दोन्ही संघांचे मिळून साधारण अडीच ते तीन गोल होतात, आणि एखादा चेंडू गोलखांबाला लागून आत गेला की बाहेर गेला एवढ्यावर निकाल फिरतो. अशा विरळ घटनांचे गणित सिमेओं देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये मांडले होते. पुढे १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून दगावलेल्या सैनिकांच्या नोंदी त्याच सूत्रात चपखल बसतात हे दाखवले, आणि १९८२ मध्ये माहेर या संख्याशास्त्रज्ञांनी प्रत्येक संघाला आक्रमणाची एक व बचावाची एक अशा दोन ताकदी देऊन इंग्लंडमधील सामन्यांचे गोल याच वितरणाने बऱ्यापैकी वर्णन करता येतात असे सिद्ध केले. आज संघांची गुणवत्ता मोजणाऱ्या बहुतेक पद्धतींच्या पायाशी हीच कल्पना आहे.

हे सूत्र आपल्या प्रश्नाला लावून पाहू. समजा, आपला संघ प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आहे, म्हणजे त्याने सामन्यामागे सरासरी १.५ गोल करणे आणि १ गोल स्वीकारणे अपेक्षित आहे. इतका फरक असलेला संघ बहुतेक सामने जिंकेल असे मनाला वाटते. प्रत्यक्षात प्वासाँच्या सूत्राने हिशेब केला, तर तो ४९ टक्के सामने जिंकतो, २६ टक्के बरोबरीत सोडवतो आणि २५ टक्के हरतो. म्हणजेच सरस संघाच्याही निम्म्याहून किंचित जास्त सामन्यांत विजय पदरी पडत नाही. ठरावीक चार सामने एकापाठोपाठ विजयाविना जाण्याची शक्यता केवळ ७ टक्के असली, तरी १८ सामन्यांच्या हंगामात कुठे ना कुठे अशी सलग चार सामन्यांची ओहोटी येण्याची शक्यता ४७ टक्क्यांच्या आसपास निघते. या हिशेबात कोणी जखमी झालेले नाही, कोणाचा आत्मविश्वास ढासळलेला नाही आणि प्रशिक्षकांनी काहीही चुकीचे केलेले नाही. संघाची ताकद पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत तसूभरही बदललेली नाही. विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण धरला, तर अशा संघाला ८ सामन्यांत सरासरी १४ गुण मिळायला हवेत, पण १० ते १७ यांमधला कोणताही आकडा अगदी सामान्य समजावा लागतो. चाहत्यांच्या भाषेत १० गुणांचा संघ ‘ढेपाळलेला’ असतो आणि १७ गुणांचा संघ ‘सुसाट’ असतो, परंतु दोन्ही ठिकाणी संघ एकच असू शकतो.

मेरीलँड विद्यापीठाच्या पुरुष संघाचे २०१८ मधले उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. साशो चिरोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखालील त्या संघाने हंगामात एकूण ६ सामने गमावले आणि ४ बरोबरीत सोडवले. राष्ट्रीय स्पर्धेत त्याला ११वे मानांकन मिळाले होते. त्याच संघाने स्पर्धेतील पाचही सामने एकही गोल न स्वीकारता जिंकले, उपांत्य फेरीत दुसऱ्या मानांकित इंडियानाला २-० असे आणि अंतिम सामन्यात ॲक्रनला १-० असे हरवून विजेतेपद मिळवले. व्हरमाँटने २०२४ मध्ये तर मानांकनाशिवाय स्पर्धेत उतरून अंतिम सामन्यात मार्शलला जादा वेळेत २-१ असे नमवले. अशा कथा चमत्कार म्हणून सांगितल्या जातात. मला त्यांत हंगामाच्या मधल्या टप्प्यातील निकालांच्या तोकड्या पुराव्याचे दर्शन घडते.

मग निकालांवर विसंबायचे नाही, तर कशावर विसंबायचे? सर्वांत हाताशी असलेले उत्तर म्हणजे गोलच्या दिशेने मारलेले फटके. साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो, त्यामुळे फटक्यांची संख्या गोलांच्या दसपट मोठी असते आणि मोठ्या संख्येत योगायोगाची वाटणी बरीच समान होऊन जाते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये याच्या पुढे जाऊन प्रत्येक फटक्याची जागा, कोन आणि परिस्थिती पाहून त्यातून गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीला सुमारे ०.७६ ते ०.७९, तर पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला त्याच्या एका लहानशा अंशाइतकेच मूल्य मिळते, आणि त्यांची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित गोल’. महाविद्यालयीन सामन्यांच्या सार्वजनिक गुणपत्रकात मात्र बहुधा एकूण फटके, गोलजाळीवर गेलेले फटके, कॉर्नर आणि गोलरक्षकाने अडवलेले फटके एवढेच आकडे असतात. तेही पुष्कळ आहेत, पण एक पथ्य पाळावे लागते. आघाडीवर असलेला संघ स्वाभाविकपणे मागे सरकतो आणि पिछाडीवरचा संघ जोर लावून फटके मारत राहतो, म्हणून हरलेल्या सामन्यातील फटक्यांची मोठी संख्या पाहून समाधान मानू नये. गुणफलक समान असतानाचे फटके मोजता आले, तर तेच अधिक खरे बोलतात.

आता वेळापत्रकाकडे वळू. चाहते कठीण वेळापत्रकाकडे दुर्दैव म्हणून पाहतात, पण गटाबाहेरचे, म्हणजे विद्यापीठ ज्या लीगमध्ये खेळते तिच्याबाहेरचे, सामने प्रशिक्षकांनी बहुधा जाणूनबुजून ठरवलेले असतात. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ४८ संघ घेतले जातात. काहींना आपापल्या गटाचे विजेतेपद थेट प्रवेश देते आणि उरलेले संघ समिती निवडते. या निवडीत अनेक वर्षे वजन राहिलेला निर्देशांक म्हणजे आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स). त्याच्या सूत्रात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला केवळ २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन आहे. थोडक्यात, तीन चतुर्थांश निर्देशांक आपण कसे खेळलो यावर अवलंबून नसून कोणाशी खेळलो यावर अवलंबून आहे.

याचा परिणाम आकड्यांतच पाहण्यासारखा आहे. एका काल्पनिक संघाने ९ पैकी ६ सामने जिंकले आहेत, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.६०० आहे आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.५५० आहे, असे धरू. त्याचा आरपीआय ०.६०४ येतो. दहाव्या सामन्यात त्याने ०.२०० प्रमाणाच्या, आणि ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.४५० आहे अशा, दुबळ्या संघाला हरवले, तर निर्देशांक ०.५९० पर्यंत घसरतो. त्याऐवजी तो ०.९०० प्रमाणाच्या, आणि ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.६०० आहे अशा, बलाढ्य संघाकडून हरला असता, तर निर्देशांक ०.६०४ वरच राहिला असता. विजयाने नुकसान आणि पराभवाने काहीच न बिघडणे ही या सूत्रातील मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु असे सूत्र समोर असताना सप्टेंबरमध्ये बलाढ्य संघांच्या मैदानावर जाऊन खेळणारा प्रशिक्षक वेडेपणा करत नसतो. त्या पराभवांची किंमत निकालांच्या रकान्यात लगेच दिसते, तर त्यांचा लाभ नोव्हेंबरमध्ये निवड जाहीर होते तेव्हाच कळतो.

मात्र निर्देशांकाला जे परवडते ते शरीराला परवडतेच असे नाही. सामन्यात मैदानावरचा खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, त्यात डझनावारी वेगवान धावा, अचानक थांबणे आणि उड्या असतात. सामन्याच्या अखेरीस स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, मोठा भाग संपतो आणि बऱ्याच स्नायुतंतूंमध्ये तो जवळजवळ शून्यावर येतो. योग्य आहार घेऊनही हा साठा पूर्ववत होण्यास ४८ ते ७२ तास लागतात. अचानक थांबताना व वळताना स्नायूंना ज्या सूक्ष्म इजा होतात, त्या भरून येऊन वेगाने धावण्याची व उडी मारण्याची क्षमता परत येण्यासही साधारण तीन दिवस, कधी त्याहून अधिक काळ जातो. महिलांच्या स्पर्धेत गुरुवारी आणि रविवारी सामने ठेवण्याची पद्धत रूढ आहे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सुरू झालेला सामना आणि रविवारी दुपारी एकचा सामना यांत ६६ तासांचे अंतर राहते, आणि त्यात प्रवास, वर्गातले तास व गृहपाठ बसवायचे असतात. पुरुषांचे वेळापत्रक किंचित सैल असले, तरी आठवड्याला दोन सामने ही तिथलीही रीत आहे.

याविषयी द्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्यात दोन सामने खेळणारे खेळाडू धावण्याच्या अंतरात किंवा वेगात मागे पडत नाहीत असे आढळले. दुखापतींचे प्रमाण मात्र खेळाच्या दर १००० तासांमागे ४.१ वरून २५.६ पर्यंत, म्हणजे सहापटीहून अधिक, वाढले होते. म्हणून प्रेक्षागृहातून पाहणाऱ्याला ‘पोरे तर जीव तोडून धावत आहेत’ असे वाटू शकते, आणि वेळापत्रकाचा खरा भार काही आठवड्यांनी जखमींच्या यादीत उतरतो. महाविद्यालयीन नियमांत बदललेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात येण्याची मर्यादित मुभा आहे, त्याने हा भार हलका होतो, पण तो नाहीसा होत नाही. हंगामातील सामने शरद ऋतूच्या तीन महिन्यांत न कोंबता दोन्ही सत्रांत विभागावेत, असा पुरुषांच्या फुटबॉलसाठीचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत राहिला आहे. २०२० मध्ये अपेक्षित असलेले त्यावरचे मतदान महासाथीमुळे लांबले. शिकणाऱ्या मुलांच्या गुडघ्या-घोट्यांचा प्रश्न आहे, हे पाहता तो मार्गी लागणे मला अत्यावश्यक वाटते.

प्रवासाने यात अलीकडे नवी भर घातली आहे. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठे २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या गटात खेळतात, म्हणजे बाहेरगावच्या बहुतेक गटसामन्यांसाठी त्यांना खंड ओलांडून तीन तास पुढे असलेल्या कालविभागात जावे लागते. शरीराची ताकद आणि तापमान साधारणपणे दुपार कलल्यानंतर उच्चांकावर असते, त्यामुळे पूर्वेकडील संध्याकाळचा सामना या पाहुण्यांना फारसा जड जात नाही. पण पूर्वेकडे दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना त्यांच्या शरीराच्या घड्याळाने सकाळी नऊचा असतो. अशा दिवशीचा मंद खेळ पाहून कोणी जिद्दीविषयी शंका घेऊ नये.

प्रशिक्षक बदलण्याच्या मागणीचेही असेच आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील व मुलांच्या उंचीवरून दाखवलेले सरासरीकडे परतण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. बदल नेहमी सर्वांत वाईट काळात केला जातो, आणि सर्वांत वाईट काळानंतर निकाल सुधारणे हे कोणीही प्रशिक्षक असला तरी संभवनीयच असते. बास तेर वील यांनी नेदरलँड्समधील लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील नोंदी तपासताना, प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. दोन्हीकडे सुधारणा झाली आणि बदलाचा वेगळा फायदा दिसला नाही.

तरीही प्रत्येक खराब सुरुवातीला योगायोगाचे पांघरूण घालता येत नाही. महाविद्यालयीन संघ दरवर्षी मोठ्या प्रमाणात बदलतो: शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, चांगले खेळाडू व्यावसायिक संघांकडे किंवा दुसऱ्या विद्यापीठात जातात, आणि पहिला सामना येईपर्यंत नव्यांना एकत्र सरावासाठी काही आठवडेच मिळतात. म्हणून गेल्या वर्षीच्या यशाचा पुरावाही येथे लवकर शिळा होतो. सात-आठ सामने झाल्यावर, बरोबरीच्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आणि पुरेशा विश्रांतीनंतरही, गुणफलक समान असताना आपला संघ सातत्याने कमी फटके मारत असेल आणि जास्त फटके झेलत असेल, तर ती घसरण खरी आहे. अशा संघाबाबत चाहत्यांची काळजी रास्त ठरते, आणि ती गोल कोणी हुकवला यापेक्षा चेंडू मधल्या फळीत कुठे व का गमावला जातो या प्रश्नाकडे वळवणे अधिक उपयोगाचे असते, कारण फटके कमी पडण्याचे मूळ बहुधा तेथेच सापडते.