जोडवाचनांतील गुणवत्ता-तफावत

डीएनए सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचताना, एकाच तुकड्याची दोन्ही टोकांकडून दोन वाचने घेतात: आर-१ आणि आर-२. त्यांच्या अचूकतेतला हा फरक. इल्युमिना पद्धतीच्या यंत्रांवर आर-२ बहुतेक वेळा मागेच राहते.

फ्लो सेल म्हणजे यंत्रातल्या काचेच्या पट्टीवर तुकड्याच्या हजारेक प्रतींचा पुंजका तयार होतो. दर फेरीत प्रत्येक प्रतीला एक अक्षर जोडले जाते आणि पुंजक्याची चमक टिपली जाते. काही प्रती फेरी चुकतात, काही एक अक्षर पुढे धावतात. लेझीमच्या पथकात ठेका चुकलेले वाढत जावेत, तशी चमक गढूळ होत जाते. हे दोन्ही वाचनांत घडते. आर-२ची दुखणी मात्र वेगळी. त्याआधी यंत्र पुंजक्यात उलट धागा नव्याने बनवून जुना कापून टाकते, त्यात प्रती गळतात. शिवाय डीएनएने तोवर शेकडो वेळा प्रकाशाचा मारा खाल्लेला असतो. मायसेक या इल्युमिनाच्या यंत्रावर ३००-३०० अक्षरांच्या दोन वाचनांचे काम सुमारे ५६ तास चालते. म्हणजे आर-२चे शेवटचे अक्षर तिसऱ्या दिवशी टिपले जाते.

अचूकता क्यू गुणांत मोजतात: क्यू-२० म्हणजे शंभरात एक चूक, क्यू-३० म्हणजे हजारात एक. फास्टक्यूसी या गुणवत्ता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आलेखात २८च्या वर हिरवा पट्टा, २०च्या खाली लाल, मधला नारिंगी. संत्र्यांच्या नागपुरातही हा नारिंगी कुणाला आवडत नाही.

नाग नदीच्या पाण्यातले जिवाणू १६-एस जनुकाच्या सुमारे ४६० अक्षरी भागावरून ओळखायचे आहेत, असे धरू. ३००-३००च्या वाचनांत १४० अक्षरे एकमेकांवर येतात. शेवटची खराब अक्षरे कापून आर-१ २७०वर आणि आर-२ २२०वर छाटले, की उरतात ३०. आणखी कात्री लावली तर जोड्या जुळतच नाहीत. त्यामुळे दोन्ही वाचनांना एकच मर्यादा लावणे चुकीचे. छाटणीत एक वाचन गळाले, तर जोडीदारही काढावा किंवा वेगळ्या फाइलीत ठेवावा. नाहीतर दोन्ही फाइलींचा क्रम बिघडतो.

आर-१ही वाईट असेल, तर आधी लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले तुकडे) किंवा लोडिंग (ते यंत्रात किती भरले) तपासावे. एकटे आर-२ कोसळले असेल, तर नमुन्याला दोष देण्याची घाई नको.

दोन रंगांवर चालणाऱ्या नेक्स्टसेकसारख्या यंत्रांवर आलेखही फसवतो. तिथे चमक नसणे म्हणजेच ‘जी’ हे अक्षर. पुंजका विझला तरी यंत्र ‘जीजीजीजी’ लिहीत सुटते, तेही चांगल्या गुणांनिशी.