गोल्डन बॅरल : रोपवाटिकेत मुबलक, मायभूमीत दुर्मीळ

सोनेरी काट्यांचा, गोल गरगरीत गोल्डन बॅरल कॅक्टस आज पुण्या-मुंबईच्या बहुतेक मोठ्या रोपवाटिकांत मिळतो. त्यामुळे तो मूळ अधिवासात संकटग्रस्त आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे घर मध्य मेक्सिकोतील केरेतारो आणि इदाल्गो या राज्यांच्या सीमेवरच्या दऱ्यांत आहे. तिथे तो उभ्या, खडकाळ उतारांवर, पावसाचे पाणी थांबूच शकत नाही अशा जागी वाढतो.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोतून युरोपात कॅक्टस मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. जर्मनीतील हिल्डमान या रोपवाटिकाधारकाने या जातीला माग्डेबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुसोन यांचे नाव दिले आणि ती एकिनोकॅक्टस ग्रुसोनी झाली. (2014 पासून काही अभ्यासक तिला क्रोनलाइनिया या वेगळ्या प्रजातीत ठेवतात.) ओतीव लोखंडाच्या व्यवसायात नाव कमावलेल्या ग्रुसोन यांचा कॅक्टससंग्रह मोठा होता, 1895 मध्ये त्यांच्या निधनानंतर तो शहराकडे आला आणि 1896 मध्ये ती काचगृहे लोकांसाठी खुली झाली. त्या काळच्या संग्रहांतील कितीतरी झाडे डोंगरातून मुळासकट उपटून आणलेली असत, हेही नोंदवायला हवे.

हे चित्र बदलले ते बियांमुळे, आणि त्याचे श्रेय मी उत्पादकांच्या चिकाटीला देतो. उबदार, ओलसर मातीत या कॅक्टसचे बी चांगले रुजते, रोपे फारशी कुरकुर न करता वाढतात आणि खुंटावर कलम करण्याची गरज पडत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे पेरण्या करून पाहिले. कोवळ्या रोपावर कंगोरे नसतात, नुसते उंचवटे असतात, त्यामुळे ते मॅमिलेरिया या दुसऱ्या, उंचवट्यांच्या कॅक्टसचे रोप वाटते; कंगोरे पुढे वयानुसार येतात. फुलासाठी मात्र फार वाट पाहावी लागते. झाड साधारण पंधरा-वीस वर्षांचे होऊन चांगले रुंद झाले आणि त्याला भरपूर ऊन मिळाले, तरच माथ्यावरच्या लोकरीत लहान पिवळ्या फुलांचे कडे येते. लहान कुंडीतल्या झाडाला फूल का येत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. महाराष्ट्रातील हौशी बागकामगारांचा अनुभव यात एक भर घालतो: इथे झाड उन्हाळ्यात सहसा दगावत नाही, ते दगावते पावसाळ्यात, बुंध्याशी कुजून. म्हणून मुरूम, जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळून निचरा वाढवतात आणि सततच्या पावसात कुंड्या पारदर्शक छपराखाली हलवतात.

इकडे लागवड वाढत असताना तिकडे अधिवास आक्रसत होता. 1990 च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर सिमापान धरण झाले आणि या कॅक्टसच्या मुख्य वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुढे शेकडो किलोमीटर दूर, झाकातेकास राज्यात, आणखी एक समूह आढळला, तरी धोका टळला असे म्हणता येत नाही. जवळजवळ संपूर्ण कॅक्टस कुळ 1975 पासून साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या परिशिष्टांत असल्याने जंगली झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आहेत, आणि मेक्सिकोतून निर्यात होणाऱ्या बियाही त्यातून सुटलेल्या नाहीत.

बियांपासून भरपूर आणि स्वस्त रोपे मिळू लागल्यावर डोंगरातले झाड चोरण्यात फारसा फायदा उरत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील कोपियापोआ या कॅक्टसची गोष्ट वेगळी आहे. तो अतिशय सावकाश वाढतो, आणि संग्राहकांना वाऱ्या-उन्हाने घडलेली जुनी झाडेच हवी असतात. 2020 मध्ये इटलीत अशी चोरीची झाडे पकडली गेली, त्यांत कोपियापोआ मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतील आठशेहून अधिक झाडे पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवण्यात आली.

तथापि बागेतली झाडे डोंगरात नेऊन लावली की नुकसान भरून निघेल, असे मानणे चुकीचे ठरेल. बहुतेक लागवडीचे मूळ ठिकाण कुणी नोंदवलेले नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या आखूड किंवा पांढऱ्या काट्यांची झाडे मुद्दाम निवडून वाढवली गेली आहेत. म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारे संग्राहक बियांच्या पाकिटावर बी गोळा करताना दिलेला नोंद-क्रमांक आणि ठिकाण लिहितात आणि तीच नोंद पुढे कुंडीवरच्या पट्टीवर उतरवतात.